बाऊन स्ट्रीटवरचा गणपती: सुरुवातीची बहुसांस्कृतिक अमेरिका आणि आजची, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कला आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की एक फेरी ठरलेली असते: क्वीन्समधल्या फ्लशिंगचं गणपती मंदिर. १९७७ मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेलं हे देऊळ बाऊन स्ट्रीटवर आहे. दर्शन घ्यायचं, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायचा आणि मग त्याच रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं चालत एका जुन्या लाकडी घरापाशी जायचं. हे घर जॉन बाऊन यांचं. रस्त्याला नाव त्यांचंच. घर साधारण १६६१ सालचं आहे, म्हणजे इकडे शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसला होता तेव्हाचं. हे ऐकलं की पाहुणे थबकतात आणि परतीच्या वाटेवर गाडीत प्रश्न सुरू होतात. नेहमी येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

'सुरुवातीची अमेरिका' म्हणजे कोणता काळ धरायचा?

मी १५६५ ते १७९० धरते. १५६५ मध्ये स्पॅनिश लोकांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन वसवलं आणि १७९० मध्ये नव्या देशाची पहिली जनगणना झाली. अर्थात त्याआधी हजारो वर्षं त्या भूमीवर माणसं राहत होती, शेती करत होती, शेकडो भाषा बोलत होती. 'सुरुवात' हा शब्द वसाहतींपुरता आहे, तेवढं ध्यानात ठेवावं.

तेव्हा तिथे सगळे इंग्रजच होते ना?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे, कारण अमेरिकेचा इतिहास आपण इंग्रजांशी झालेल्या लढ्यापासून वाचायला घेतो.

आजचं न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, डच वेस्ट इंडिया कंपनीचं ठाणं. १६४३ मध्ये आयझॅक जोग नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री तिथे आले. चार-पाचशे पुरुषांच्या त्या वस्तीत अठरा भाषा बोलल्या जातात, असं त्यांना तिथल्या प्रमुखाने सांगितलं. पेनसिल्व्हेनियात स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास साधारण तिसरा हिस्सा लोक जर्मन होते. लुइझियानात फ्रेंच, नंतर स्पॅनिश सत्ता होती. दूर पश्चिमेला १७८१ मध्ये लॉस एंजेलिस वसवायला ४४ माणसं आली, मुलाबाळांसकट अकरा कुटुंबं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं आणि बरेच जण मूळ रहिवाशांच्या वंशातले होते.

१७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आसपास भरली. त्यातले जवळजवळ सात लाख लोक गुलामीत होते. मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांची तर मोजणीच झाली नाही. 'वेगवेगळ्या लोकांचा देश' असं म्हणताना कोण मर्जीने आलं, कोणाला साखळदंडात आणलं आणि कोणाचं घर आधीपासून तिथेच होतं, हे वेगळं सांगावंच लागतं. पुढची बहुतेक उत्तरं त्या फरकाभोवतीच फिरतात.

त्या बाऊन यांनी असं काय केलं की रस्त्याला त्यांचं नाव मिळालं?

बाऊन यांच्याआधी त्यांच्या गावाबद्दल सांगायला हवं. न्यू ॲमस्टरडॅमचा कारभारी पीटर स्टायव्हेसंट कडक माणूस होता. डच रिफॉर्म्ड पंथाखेरीज कोणी उघड प्रार्थनासभा घेतलेली त्याला चालत नसे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर तर त्याचा विशेष राग होता. क्वेकरांना पुरोहित नको, शपथ नको, शस्त्र नको, आणि ते कोणापुढे टोपीही काढत नसत. अशा माणसांना घरात आसरा देणाऱ्याला दंड होईल, असा हुकूम त्याने काढला.

फ्लशिंग हे डच अमलाखालचं, पण इंग्रज रहिवाशांचं गाव. २७ डिसेंबर १६५७ रोजी तिथल्या तीसेक जणांनी स्टायव्हेसंटला एक निवेदन लिहिलं. आपल्या दारी कोणी चांगल्या हेतूने आला तर त्याच्यावर हात टाकणं आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. प्रेम, शांती आणि स्वातंत्र्य यांचा कायदा ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन यांनाही लागू आहे, कारण तीही आदमची लेकरं, असंही त्यात आहे. तुर्क म्हणजे त्या काळच्या भाषेत मुसलमान. सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते. दुसऱ्याच्या पंथासाठी त्यांनी आपली कातडी पणाला लावली, म्हणून हे पत्र मला फार मोलाचं वाटतं.

शिक्षा लगेच झाली. पत्र लिहिणारे गावचे कारकून एडवर्ड हार्ट तुरुंगात गेले आणि शेवटी त्यांना माफी मागावी लागली. ते पोचवणारे टोबायस फीक यांचं पद गेलं. पत्र दप्तरात पडून राहिलं.

पाच वर्षांनी जॉन बाऊन यांनी आपल्या घरात क्वेकरांच्या सभा भरवल्या. १६६२ मध्ये त्यांना अटक झाली. दंड भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना जहाजात बसवून हद्दपार केलं. ते ॲमस्टरडॅमला जाऊन कंपनीच्या संचालकांपुढे उभे राहिले. १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला कळवलं की लोकांच्या सदसद्विवेकाला हात लावू नये, आमचं ॲमस्टरडॅम याच धोरणाने भरभराटीला आलं आहे. बाऊन १६६४ च्या सुरुवातीला घरी परतले. त्याच वर्षी इंग्रजांनी ती वसाहत घेतली आणि गावाचं नाव न्यूयॉर्क झालं.

म्हणजे ही सहिष्णुता व्यापारासाठी होती?

बऱ्याच अंशी हो, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. १६५४ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफेहून २३ ज्यू निर्वासित न्यू ॲमस्टरडॅमला उतरले. पोर्तुगिजांनी रेसिफे परत जिंकल्यामुळे त्यांना पळावं लागलं होतं. स्टायव्हेसंटला त्यांना घालवून द्यायचं होतं. कंपनीने नाही म्हटलं. ज्यू भागधारकांचा पैसा कंपनीत गुंतला आहे, हे कारणही तिने लपवलं नाही.

पण राहायची परवानगी मिळाली म्हणजे बरोबरी मिळाली असं होत नाही. ज्यूंना गावच्या पहाऱ्यात घेत नसत, वर पहारा देत नाहीत म्हणून त्यांच्याकडून कर घेत. आसेर लेव्ही यांनी १६५५ मध्ये अर्ज केला: एक तर पहारा देऊ द्या, नाहीतर कर माफ करा. अर्ज फेटाळला गेला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि १६५७ मध्ये त्यांना नागरी हक्क मिळाले. व्यापाराने दार किलकिलं झालं, ते पुरतं उघडलं अर्ज करणाऱ्यांनी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट पुनःपुन्हा घडत आली आहे.

मूळ रहिवाशांचा वाटा फक्त मक्यापुरता आहे का?

मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यांना 'तीन बहिणी' म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पानं जमिनीचा ओलावा धरून ठेवतात. पण एवढ्यावर थांबू नये.

१६२० मध्ये आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांना मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम त्यांच्याशी चक्क इंग्रजीत बोलला. ती भाषा त्याला का येत होती, हे अमेरिकी शाळांतल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानण्याच्या सणाच्या, नाटकात सांगत नाहीत. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून तो लंडनला पोचला आणि १६१९ मध्ये आपल्या गावी, पाटुक्सेटला परतला. गाव साथीच्या रोगाने रिकामं झालं होतं. कोणी उरलं नव्हतं. त्याच ओसाड गावठाणावर पुढच्या वर्षी प्लिमथ वसलं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची कथा या माणसापाशी येते, म्हणून त्याचं दुःखही त्या ताटापाशी आठवायला हवं.

राज्यकारभाराचंही आहे. होडेनोशोनी, म्हणजे इरोक्वाय राष्ट्रांचा संघ वसाहतींच्या आधीपासून चालत होता. त्यात कुळातल्या वडीलधाऱ्या बायका प्रमुख निवडत आणि तो चुकला तर काढूनही टाकत. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या तहाच्या वेळी त्यांचा नेता कॅनासटेगो याने वसाहतवाल्यांना सल्ला दिला की आमच्यासारखे एक होऊन राहा. ते भाषण बेंजामिन फ्रँकलिन यांनी छापलं. अमेरिकी राज्यघटनेत यातलं किती उतरलं याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला 'राज्यघटना तिथूनच घेतली' हे म्हणणं ताणलेलं वाटतं, पण डोळ्यांसमोर चालता संघ होता आणि तो पाहिला गेला, हे नक्की. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून हे ऋण मान्य केलं.

आज साडेपाचशेहून अधिक जमातींना केंद्र सरकारची मान्यता आहे. पण त्या साऱ्यांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावं लागलं.

गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची संस्कृती टिकली कशी?

दोन गोष्टी सांगते.

पहिली बॉस्टनची. १७२१ मध्ये तिथे देवीची मोठी साथ आली. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाच्या घरी ओनेसिमस नावाचा आफ्रिकी माणूस गुलामीत होता. तुला देवी येऊन गेल्या का, असं मॅदरने त्याला पूर्वी विचारलं होतं. त्याने हो आणि नाही अशी दोन्ही उत्तरं दिली, आणि दंडावरचा व्रण दाखवला. त्याच्या देशात देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली घालत, हलका ताप येई आणि मग तो रोग पुन्हा होत नसे. मॅदरच्या सांगण्यावरून डॉक्टर झॅब्डिएल बॉयल्स्टन यांनी हा प्रयोग सुरू केला, तो स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलापासून. गाव इतकं खवळलं की मॅदरच्या घरात कोणीतरी पेटता गोळा फेकला. साथ ओसरल्यावर हिशेब झाला: ज्यांना रोग आपसूक झाला त्यांतले शंभरात चौदा दगावले, ज्यांना टोचलं त्या अडीचशेच्या आसपास लोकांतले सहा. बॉस्टन वाचवणारं ज्ञान ज्याच्याकडून आलं, त्याचं खरं, आईबापांनी ठेवलेलं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट तांदळाची. साउथ कॅरोलिनाचे इंग्रज जमीनदार भाताच्या जिवावर गबर झाले, पण भाताचं कसब पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांजवळ होतं: दलदलीला बांध घालणं, पाणी घेणं-सोडणं, उखळात मुसळाने कांडणं, गवताच्या पसरट सुपाने पाखडणं. आपल्या कोकणातल्या आजीला ते अंगण परकं वाटलं नसतं. १७०८ च्या सुमारास त्या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय लोक जास्त होते. समुद्रकाठच्या बेटांवर त्यांची गला ही भाषा तयार झाली, इंग्रजी शब्दांची आणि आफ्रिकी वळणाची. १७३९ मध्ये स्टोनो नदीपाशी उठाव झाला, तेव्हा गुलाम ढोल वाजवत निघाले होते. पुढच्या वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आणली. ढोल काढून घेतले तर टाळ्यांनी आणि पायांनी ताल धरला गेला, आणि तो ताल अमेरिकेच्या चर्चमधल्या गाण्यातून अजून ऐकू येतो. न्यू ऑर्लीन्सला काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी जमून लोक वाजवत, नाचत. त्या शहरात पुढे जॅझ जन्मलं.

चार्ल्स्टनच्या बाजारात आज गला बायका गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतात. गवताची जुडी वळवायची, पट्टीने टाका घ्यायचा, पुन्हा वळवायची. ती वीण त्या भाताच्या सुपाचीच. आणि हो, भेंडी अमेरिकेत आणली आफ्रिकी लोकांनी. इंग्रजीतला 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतला आहे.

मग वर्णभेद आला कुठून? सुरुवातीपासूनच होता का?

तो टप्प्याटप्प्याने, कायद्यांनी घडवला गेला. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले वीसेक आफ्रिकी उतरवले गेले, तेव्हा जन्मभराच्या गुलामीचा कायदा तिथे लिहिलेला नव्हता. काही आफ्रिकी लोक सुटून जमीनमालकही झाले. १६६२ मध्ये कायदा आला: मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे मालकाचं मूलही आई गुलाम असेल तर गुलाम. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. १६७६ च्या बेकनच्या बंडात गरीब गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र लढले, त्याने जमीनदार हादरले. १६९१ मध्ये 'इंग्रज किंवा इतर गोऱ्या' स्त्री-पुरुषांनी इतरांशी लग्न केलं तर हद्दपारी, असा कायदा झाला.

जन्मावरून दर्जा आणि दर्जा टिकवायला विवाहबंदी. मराठी वाचकाला हे यंत्र ओळखायला वेळ लागू नये. व्हर्जिनियातली ती बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडली, २७६ वर्षांनी. लव्हिंग दांपत्याचा तो खटला. आज अमेरिकेत कितीतरी मराठी मुलंमुली वेगळ्या वंशाच्या जोडीदाराशी लग्न करून सुखाने नांदत आहेत. तो रस्ता या खटल्याने मोकळा केला.

स्थलांतरितांबद्दलची चिडचिड आजचीच का?

मुळीच नाही. १७५३ च्या पत्रात फ्रँकलिन यांनीच तक्रार केली आहे की रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, काही ठिकाणी तर फक्त जर्मनमध्ये. जर्मन लोक इंग्रज होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील, अशी त्यांना भीती होती. पाट्यांचा वाद मुंबई-पुण्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

पुढे काय झालं? ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची बातमी वर्तमानपत्रात सर्वांत आधी, ५ जुलैला, आली ती फिलाडेल्फियाच्या जर्मन पत्रात. १७८९ मध्ये प्रतिनिधीगृहाचे पहिले सभापती झाले फ्रेडरिक म्युलेनबर्ग, जर्मनीहून आलेल्या पाद्र्याचे चिरंजीव.

'मेल्टिंग पॉट', म्हणजे सगळे वितळून एक होतात अशी मूस, ही कल्पना तेव्हाची का?

कल्पना जुनी, हे नाव रूढ झालं विसाव्या शतकात. मला त्यापेक्षा एक चित्र बोलकं वाटतं. ऑगस्ट १७७६ मध्ये नव्या देशाच्या मुद्रेसाठी प्येर द्यू सिमितिएर या चित्रकाराने आराखडा दिला. ढालीवर सहा देशांची चिन्हं: इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी फूल, आयर्लंडची वीणा, फ्रान्सचं लिलीचं फूल, जर्मनीचा गरुड, हॉलंडचा सिंह. खाली लॅटिन ब्रीद, 'ए प्लुरिबस उनुम', अनेकांतून एक. आराखडा नापास झाला, ब्रीद राहिलं आणि १७८२ च्या मुद्रेवर आलं. आजही ते नाण्यांवर आहे.

पण ती ढाल नीट पाहा. आफ्रिकेचं एकही चिन्ह नाही. होडेनोशोनींचं नाही. त्या 'अनेकां'मध्ये कोण धरायचं, याचंच भांडण पुढची अडीचशे वर्षं चाललं आहे.

तेव्हा कोणी भारतीय होता का तिथे?

व्हर्जिनियाच्या १६३५ च्या कागदात 'टोनी' नावाच्या 'ईस्ट इंडियन' माणसाची नोंद आहे. मजूर आणला की माणशी पन्नास एकर जमीन मिळे, म्हणून ही नोंद झाली.

महाराष्ट्राशी याचा काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाहिला आहे. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, परंपरेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागलं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जन लोकांना. आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता घ्यावा, ही त्यामागची तळमळ. पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेचा अर्थ किती अचूक धरला!

दुसरा धागा फिलाडेल्फियाचा. विल्यम पेन यांनी क्वेकरांसाठी वसवलेल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊनमध्ये, १६८८ मध्ये गुलामीविरुद्ध लेखी निषेध झाला होता. त्याच क्वेकर परंपरेच्या आधाराने १८५० मध्ये तिथे बायकांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आणि त्यातून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र आहे: साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, आपल्या देशी पोशाखात शेजारी शेजारी. मी ते पाहते तेव्हा दर वेळी डोळे भरतात.

१७९० च्या कायद्याचा आजच्या मराठी कुटुंबांशी काय संबंध?

थेट आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' व्यक्तीला मिळू शकत होतं. त्याच शब्दांवर बोट ठेवून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते, तरीही. ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांतल्या कित्येकांचं काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये भारतीयांना हक्क मिळाला, तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. १९५२ मध्ये वंशाची अट गेली. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडला, आणि मग आपले इंजिनिअर, डॉक्टर येऊ लागले. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. १९६५ चा कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत झाला, हे आपल्या घरातल्या मुलांना सांगायलाच हवं.

अमेरिकेची अधिकृत भाषा इंग्रजीच होती ना?

केंद्राच्या कायद्याने कधीच नव्हती. १ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजीला तो दर्जा दिला गेला. घराघरांत मात्र साडेतीनशेहून अधिक भाषा बोलल्या जातात.

रोजच्या बोलण्यात त्या काळाचं काय उरलं आहे?

खूप. 'बॉस' आणि 'कुकी' डच. ब्रुकलिन आणि हार्लेम डच गावांची नावं. मॅनहॅटन हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांचं, लेनापी लोकांचं. सांताक्लॉज डचांचा सिंटरक्लास, ख्रिसमसचं झाड जर्मनांचं. बँजो आफ्रिकी वंशजांचा. राज्यांची जवळजवळ निम्मी नावं मूळ रहिवाशांच्या भाषांतली आहेत.

फ्लशिंगला गेल्यावर ते १६५७ चं मूळ निवेदन पाहायला मिळतं का?

एरवी नाही. ते ऑल्बनीला, न्यूयॉर्क राज्याच्या दप्तरखान्यात जपलेलं आहे. १९११ मध्ये तिथल्या इमारतीला आग लागली, तेव्हा कागदाच्या कडा जळाल्या. अक्षरं वाचता येतात. फ्लशिंगला बाऊन यांचं घर मात्र पाहता येतं, संग्रहालय म्हणून ते जपलं आहे. आधी घर बघा आणि मग देवळात या. एप्रिल २०२२ पासून देवळापाशी बाऊन स्ट्रीटच्या पाटीसोबत आणखी एक पाटी लागली आहे: गणेश टेम्पल स्ट्रीट.